मृदू पदार्थांची अरेषीय प्रकाशिकी : कोलॅजेनपासून प्रकाशसंवेदी जेलपर्यंत

चेन्नईत उन्हाळा सुरू झाला की रस्त्याच्या कडेला ताडफळांचे ढीग दिसू लागतात. फळ फोडून काढलेल्या गराला तमिळ भाषेत नुंगू म्हणतात; कोकणात तोच ताडगोळा होय. हा गर पाण्याने ओथंबलेला असतो, तरी पाण्यासारखा वाहून जात नाही. घन पदार्थाप्रमाणे तो आपला आकार टिकवून धरतो, पण बोटाने दाबताच दबतो आणि प्रकाशाला आपल्यातून अंधूक वाट देतो. पाण्यात टाकलेल्या सब्जाच्या बियांभोवतीचे आवरण, चिनी गवताची जेली आणि डोळ्याचे स्वच्छमंडल हे सारे पदार्थ याच कुळातले. अशा पदार्थांना जेल ही संज्ञा टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात रूढ केली. लांबलचक रेणूंच्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचे जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते, ही जेलची रचना. जाळ्यातील द्रव पाणी असेल तर त्या पदार्थास हायड्रोजेल म्हणतात.

प्रकाशिकीच्या इतिहासात अशा लिबलिबीत पदार्थांना फारसे मानाचे स्थान नव्हते. भिंग काचेचे, लोलक काचेचा, ध्रुवणाचे प्रयोग क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटच्या स्फटिकावर. पदार्थ जितका कठीण आणि स्थिर, तितका तो विश्वासार्ह, अशी धारणा होती. प्रकाशाला आकार देणारा पदार्थ स्वतः आकार बदलू लागला तर गणित चुकणार, हे उघड आहे. तथापि गेल्या काही दशकांत या धारणेला छेद देणारे संशोधन पुढे आले आहे. पदार्थ मृदू आहे म्हणूनच तो प्रकाशाला असा काही प्रतिसाद देऊ शकतो, की जो कठीण काचेकडून मिळवण्यासाठी प्रचंड शक्तीचे लेसर लागतात, असे त्याचे सार सांगता येईल. या कथेतील एक महत्त्वाचा दुवा चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी-अड्यार परिसरात सापडतो.

प्रथम ‘अरेषीय’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होईल. नित्याच्या व्यवहारात प्रकाश पदार्थातून जातो, वळतो, विखुरतो वा शोषला जातो. परंतु पदार्थाचे गुणधर्म प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलत नाहीत. मंद दिव्यासाठी काचेचा वक्रीभवनांक जो असतो, तोच प्रखर दिव्यासाठीही असतो. दोन विजेऱ्यांचे झोत अंधारात एकमेकांना छेदून गेले, तरी एकाला दुसऱ्याची दाद नसते. कारण आणि परिणाम यांचे असे सरळ प्रमाण असते तेव्हा त्या संबंधाचा आलेख सरळ रेषेत येतो; म्हणून ही रेषीय प्रकाशिकी. प्रकाश अतिशय तीव्र झाला की मात्र हे प्रमाण बिघडते. पदार्थातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्राने हेलकावत असतात. क्षेत्र फार प्रबळ झाले म्हणजे त्यांचा हेलकावा क्षेत्राच्या प्रमाणात राहत नाही. एका अंगाला सैल आणि दुसऱ्या अंगाला आखडलेल्या झोक्याप्रमाणे तो विषम होतो, आणि त्यातून नव्या कंप्रतेचा प्रकाश निर्माण होऊ शकतो.

१९६० साली लेसरचा शोध लागला आणि अशी तीव्रता प्रथमच हाती आली. पुढच्याच वर्षी पीटर फ्रँकन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात माणिक-लेसरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. बाहेर पडलेल्या प्रकाशात मूळच्या ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीबरोबर बरोबर निम्म्या, म्हणजे सुमारे ३४७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अत्यंत क्षीण अंशही आढळला. तो ठिपका इतका बारीक होता, की शोधनिबंध छापताना छायाचित्रावरील डाग समजून तो पुसून टाकण्यात आला! दुप्पट कंप्रतेच्या या प्रकाशाला द्वितीय प्रसंवादी असे म्हणतात. तो निर्माण होण्यास एक अट आहे : पदार्थाच्या रचनेला सममितीचे केंद्र असता कामा नये. तसे केंद्र असेल तर एका बाजूचा परिणाम दुसऱ्या बाजूने पुसला जातो.

अरेषीयतेचा दुसरा प्रकार वक्रीभवनांकाशी निगडित आहे. काही पदार्थांचा वक्रीभवनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार किंचित वाढतो. प्रकाशशलाका मध्यभागी सर्वांत तीव्र असल्याने तेथील वक्रीभवनांक कडांपेक्षा अधिक होतो आणि पदार्थाचा तेवढा भाग भिंगासारखे काम करू लागतो. शलाका स्वतःच स्वतःला एकवटते. एकवटण्याची ही प्रवृत्ती आणि पसरण्याची स्वाभाविक प्रवृत्ती यांचा तोल साधला, तर शलाका न पसरता पुढे जात राहते. जणू आपल्यापुरती नळी तिनेच तयार केलेली असते. या आत्मबंदिस्त शलाकेची कल्पना चियाओ, गारमायर आणि टाउन्स यांनी १९६४ साली मांडली. काचेत मात्र ती साकार करण्यास काही मेगावॉट इतकी शक्ती लागते.

या दोन्ही प्रकारांचा मृदू पदार्थांशी संबंध कसा येतो, हे पाहण्यासाठी चेन्नईकडे वळावे लागते. १९५२ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे मद्रास विद्यापीठाच्या भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ते शिष्य. स्वतः रामन यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी असताना प्रकाशाच्या विवर्तनावरील आपला पहिला निबंध १९०६ साली प्रसिद्ध केला होता; म्हणजे प्रकाश आणि पदार्थ यांच्या अभ्यासाची परंपरा या शहराला नवी नव्हती. १९५२ सालीच जे. डी. बर्नाल हे स्फटिकशास्त्रज्ञ मद्रासला आले असता कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप उकललेली नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोलॅजेन म्हणजे कातडी, कंडरा, अस्थी आणि स्वच्छमंडल यांचा मुख्य आधार. आणि कातडी हा तर मद्रासच्या व्यापाराचा जुना विषय. तिच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था अड्यारमध्ये, विद्यापीठाच्या गिंडी परिसरापासून हाकेच्या अंतरावर होती. कोलॅजेनचे नमुने तेथून मिळू शकले. कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या तंतूंची क्ष-किरण चित्रे विशेष उपयोगी ठरली.

त्या चित्रांवरून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकत्र असतात. १९५५ साली त्यांनी या आराखड्यात सुधारणा केली : प्रत्येक साखळी स्वतः मळसूत्राकार असून तिन्ही मिळून पुन्हा दोरासारखा पीळ घेतात. पिळाच्या आतल्या बाजूस जागा इतकी अरुंद असते, की दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्लच तेथे मावते. साखळ्यांना बांधणाऱ्या हायड्रोजन बंधांची संख्या आणि अणूंमधील अंतरे यांवरून रिच आणि क्रिक यांनी या आराखड्यावर आक्षेप घेतले. बंधांच्या संख्येबाबत त्यांचे म्हणणे पुढे ग्राह्य ठरले. तीन पेडांच्या पिळाची मूळ कल्पना मात्र टिकून राहिली. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात या वादातूनच रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा १९६३ चा प्रसिद्ध आलेख जन्मास आला. आज तो रामचंद्रन-आलेख या नावाने जगभर वापरला जातो.

कोलॅजेनचा हा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि अवघा दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य रेणू ओळीने लागून तंतू बनतात. सर्व रेणूंचा पीळ एकाच दिशेचा आणि त्यांतील बंधांचा कलही नियमित. त्यामुळे तंतूला सममितीचे केंद्र नसते. क्वार्ट्झच्या स्फटिकात द्वितीय प्रसंवादी निर्माण होण्यासाठी जी अट होती, ती येथे एका ओल्या, मऊ पदार्थाने पुरी केली आहे! फाइन आणि हॅन्सन यांनी १९७१ साली प्राण्यांच्या ऊतींतून दुप्पट कंप्रतेचा प्रकाश बाहेर पडताना पाहिला. १९८६ साली आयझॅक फ्रॉइंड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शेपटीतील कंडरेवर याचा सविस्तर अभ्यास केला. या गुणाचा उपयोग आज सूक्ष्मदर्शनात होतो. ऊतीवर ८०० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर फिरवला की कोलॅजेनचे तंतू ४०० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने आपण होऊन उजळतात. कोणताही रंग घालावा लागत नाही. यकृतात साचलेले तंतू, अर्बुदाभोवतीची बदललेली ऊती किंवा स्वच्छमंडलातील तंतूंची मांडणी अशा रीतीने पाहता येते.

हीच कंडरा पाण्यात तापवली, तर तीन पेडांचा पीळ उलगडतो आणि द्वितीय प्रसंवादी प्रकाश नाहीसा होतो. उकळून मिळालेला पदार्थ म्हणजे जिलेटिन. थंड होताना त्याच्या साखळ्या काही ठिकाणी पुन्हा जुना पीळ धरतात. ते तुकडे गाठींचे काम करतात आणि जेल तयार होते. रेणू तेच, पण सुव्यवस्थित दोराच्या जागी आता विस्कळीत जाळे आलेले असते. एक प्रकाशीय शक्ती गेली खरी, परंतु तिच्या जागी दुसरी येऊ शकते. ती म्हणजे प्रकाशाने बदलून जाण्याची शक्ती.

ही शक्ती चर्मोद्योगाशी जवळचे नाते सांगते. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि पाण्यात साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या सुमारास आक्रसते. तरवडाची साल आणि हिरडा यांनी कातडी कमावण्याची पद्धत दक्षिण भारतात जुनी आहे. क्रोमियमच्या लवणांनी कातडी कमावण्याचे एकस्व ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये त्या पद्धतीचे प्रयोग केले. त्रिसंयुजी क्रोमियम कोलॅजेनच्या शेजारच्या साखळ्यांतील अम्लगटांना धरून ठेवतो, त्यांच्यामध्ये आडवे बंध घालतो. म्हणून क्रोमियमने कमावलेले चामडे उकळत्या पाण्यातही टिकते.

आता जिलेटिनच्या पापुद्र्यात डायक्रोमेट हे षट्संयुजी क्रोमियमचे लवण मिसळले, तर अंधारात विशेष काही घडत नाही. प्रकाश पडताच मात्र त्या ठिकाणचा क्रोमियम क्षपित होऊन त्रिसंयुजी बनतो आणि तेथेच साखळ्यांना बांधतो. जेथे प्रकाश, तेथे जिलेटिन जणू कमावले जाते. जेथे अंधार, तेथे ते कच्चेच राहते. फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ साली याचा उपयोग चित्रमुद्रणासाठी केला. पुढे वृत्तपत्रांतील छायाचित्रांचे ठसे, ज्यांना छापखान्यात ब्लॉक म्हणत, ते कोरण्यासाठी डायक्रोमेट मिसळलेल्या सरसाचा थर वापरला जाई. १९६८ साली शँकॉफ यांनी अशाच जिलेटिनवर होलोग्रॅम टिपला. कमावणीच्या कुंडात जो बंध सबंध कातड्यात घडतो, तोच येथे प्रकाशाच्या आज्ञेने अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतरा-अंतरावर घडवता येतो.

परंतु या युक्तीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की लिहिलेले पुसता येत नाही. प्रकाशाने पदार्थ बदलला, तरी तो पूर्ववत होत नसल्याने दोघांत चालता संवाद होऊ शकत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि कर्ककारक आहे. चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने काय घडू शकते, हे तमिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्याने अनुभवले आहे. वेल्लोरच्या नागरिकांच्या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला निकाल प्रसिद्ध आहे. प्रकाशाने बदलणारे, पुन्हा मूळ स्थितीला येणारे आणि क्रोमियमवाचून काम करणारे जेल शोधणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

त्या दिशेने मोलाचे पाऊल मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील तोयोइची तानाका यांनी टाकले. परिस्थितीत अल्पसा बदल केला तरी काही जेल एकाएकी कित्येक पटींनी आक्रसतात किंवा फुगतात, असे त्यांनी १९७८ साली दाखवले. १९९० साली सुझुकी आणि तानाका यांनी क्लोरोफिलपासून मिळणारे एक रंगद्रव्य जेलमध्ये बसवले आणि केवळ दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने जेल आक्रसवून दाखवले. त्या प्रयोगात रंगद्रव्य प्रकाश शोषून जाळ्याला स्थानिक उष्णता देत होते.

दुसऱ्या एका उपायात उष्णतेऐवजी रेणूच्या आकारातील बदल वापरतात. स्पायरोपायरन या कुळातील रेणूंची दोन रूपे असतात. अम्लधर्मी पाण्यात, अंधारात, त्यांतील एक कडे उघडलेले राहते. हे रूप रंगीत असून पाण्याशी सख्य राखते. दृश्य प्रकाश शोषताच कडे मिटते, प्रोटॉन सुटतो, रंग फिका होतो आणि रेणू पाण्याला पारखा होतो. असे रेणू जेलच्या साखळ्यांना जोडले, तर प्रकाश पडलेल्या ठिकाणचे जाळे पाणी बाहेर टाकून आक्रसते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, तर साखळ्यांच्या द्रव्याचा सुमारे १.५, साहजिकच पाणी गेल्यावर तेथील वक्रीभवनांक वाढतो. शलाका मध्यभागी सर्वांत तीव्र, तेथेच आक्रसणे सर्वांत अधिक. म्हणजे तीव्रतेनुसार वक्रीभवनांक वाढण्याची अट पुरी झाली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या कलैचेल्वी सरवणमुत्तू तसेच हार्वर्ड आणि पिट्सबर्ग विद्यापीठांतील संशोधक यांनी २०२० साली अशा जेलमध्ये आत्मबंदिस्त शलाका प्रत्यक्ष दाखवली. प्रकाश बंद केला की जेल पूर्ववत होते आणि नळी पुसली जाते.

त्या प्रयोगातील आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. शेजारी शेजारी सोडलेल्या दोन शलाका एकमेकींपासून आपल्या रुंदीच्या दहापट अंतरावर असतानाही परस्परांवर परिणाम करीत होत्या. याचे कारण समजण्यास सुंभाने विणलेल्या बाजेचे उदाहरण पुरेसे आहे. फळीवर एक माणूस बसला तर दुसऱ्याला त्याची जाणीव होत नाही. बाजेवर मात्र एका टोकाला कोणी बसले, की वीण ओढली जाते आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्याच्या खालची खोलीही बदलते. जेलचे जाळे असेच आहे. एका शलाकेने ओढलेले जाळे दुसरीच्या वाटेतील द्रव्याला ताण देते. विजेऱ्यांचे जे झोत एकमेकांची दाद घेत नव्हते, ते येथे जाळ्याच्या मध्यस्थीने परस्परांना बांधले जातात.

शक्तीच्या दृष्टीने पाहता हा फरक विलक्षण आहे. शुद्ध सिलिका काचेचा वक्रीभवनांक केवळ एका दशसहस्रांशाने वाढवायचा, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०,००० कोटी वॉट एवढी तीव्रता लागते. जेलला मात्र व्याख्यानात फळ्यावर ठिपका दाखवणाऱ्या लेसरइतकी, म्हणजे काही मिलीवॉट शक्ती पुरते. अर्थात ही किमया फुकट मिळत नाही. काचेतील इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद जवळजवळ तत्क्षणी मिळतो; जेलमध्ये पाण्याला जाळ्यातून वाट काढावी लागते. तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ साली दाखवल्याप्रमाणे हा काळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटर आकाराच्या जेलला फुगण्यास अनेक तास, क्वचित एक दिवस लागेल. शंभरपट लहान भागाला काही सेकंद पुरतील. आणि एक सहस्रांश मिलिमीटरच्या भागाला सेकंदाचा अंश. शक्ती आणि वेळ यांचा हा सौदा आहे : काच वेगाने पण अल्प प्रतिसाद देते, जेल सावकाश पण भरघोस.

यावरून जेलचे क्षेत्र कोणते, हेही ठरते. दूरसंचाराच्या तंतूंत सेकंदाला अब्जावधी संकेत हाताळण्याचे काम त्याचे नव्हे. जेथे घाई नाही, शक्ती थोडी आहे आणि सभोवती पाणी आहे, तेथे त्याचा उपयोग. प्रकाश पडेल तसा आपला आकार बदलणारे भिंग, प्रकाशानेच वळवता येणारा मऊ यांत्रिक अवयव, प्रकाशशलाकांच्या परस्परसंबंधातून साधी तर्कक्रिया करणारी रचना, अशा दिशांनी विचार चालू आहे. अडचणीही लहान नाहीत. उघड्यावर ठेवलेले जेल वाळते. पुनःपुन्हा प्रकाश पडल्याने रंगद्रव्याचे रेणू थकतात. पाण्याची अम्लता बदलली की प्रतिसादही बदलतो. या अडचणी दूर झाल्यावाचून प्रयोगशाळेबाहेर पाऊल पडणे कठीण आहे.

चेन्नईत सरदार पटेल रस्त्याच्या एका बाजूस चर्म संशोधन संस्था आणि समोर १९५९ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रविद्या संस्था आहे. एकीकडे कातडीच्या रेणूंचा विचार, दुसरीकडे लेसर आणि प्रकाशिकीचा. दोहोंत रुंदी फक्त एका रस्त्याची. रामचंद्रन यांनी कंडरेचा तंतू क्ष-किरणांपुढे धरला, तेव्हा लेसर अस्तित्वात नव्हता आणि अरेषीय प्रकाशिकी ही विद्याशाखाही जन्मली नव्हती. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की या द्रव्यातील अणू कोठे आहेत. तरीही कोलॅजेन निळा प्रकाश का देते, तापवल्यावर तो का विझतो, क्रोमियमने चामडे का टिकते आणि प्रकाशाने जिलेटिन का बदलते, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर साखळ्यांच्या त्याच रचनेतून सुरू होते. उपयोगाचा हिशेब अगोदर मांडून रचनेचा अभ्यास केला असता, तर कातडीच्या अभ्यासाच्या रकान्यात प्रकाश हा शब्द कोणी लिहिला नसता. मृदू पदार्थ प्रकाशापुढे वाकतो, आणि आपल्या वाकण्याने प्रकाशालाही वाकवतो. या देवघेवीचे गणित अजून पुरते मांडून व्हायचे आहे. पण ते मांडताना आरंभ रचनेपासूनच करावा लागेल.